दोन सुशीला, बाहेर

फोन आला तेव्हा मी पिठाच्या गिरणीत उभी होते. पट्टा फडफडत होता, ज्वारीचं पीठ नाकातोंडात जात होतं, आणि कानाला लावलेल्या फोनमधून नांदेडहून सुशीलाची भावजय काहीतरी सांगत होती. "सुशीलाताई गेल्या." मी ओरडून विचारलं, "कुठं गेली?" आता यात माझी काय चूक? सुशीला गेली म्हटलं की माझ्या तोंडून जन्मभर हाच प्रश्न निघत आला. ती सारखी कुठं ना कुठं गेलेलीच असायची. मुदखेडला भाच्याकडं, पावसाळ्यात इस्लापूरकडं धबधबा बघायला, नाहीतर नांदेडच्याच वजिराबादेत कुठल्या तरी बोळात नवा लस्सीवाला बसतोय म्हणून लस्सी प्यायला. भावजय बिचारी गोंधळली. मग तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, दवाखान्याचं नाव घेऊन, पहाटेचं... आणि गिरणीवाल्यानं माझ्या तोंडाकडं बघून गिरणी बंद केली. पीठ तसंच कोमट कोमट घेऊन घरी आले. त्या दिवशी भाकरीही केल्या. न करून काय करणार होते?

तिच्यावर लिहायला बसले तर घरचे म्हणाले, काय लिहिणार? तिच्या नावावर ना पुस्तक, ना पुरस्कार, ना गल्ली. खरंय. ती कचेरीत कारकून होती आणि मीही. पण लातुरात आज बाईमाणूस हॉटेलात शिरतं, समोरच्या बाकावर बसतं, चहा सांगतं आणि कुणी मान वर करून बघत नाही, यात मूठभर वाटा तिचा आहे. मूठभरच म्हणते. ओंजळभर म्हटलं तर ती वरून ओरडेल, "पद्मे, फेकू नको."

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादेतून वेगळं निघालं आणि गावाला एकदम अंगात आल्यासारखं झालं. रंगारी तर कुणाच्या हाताला लागत नव्हते. जो तो पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहून घेत होता, आणि रंग पातळ असल्यामुळं कित्येक दुकानांवर दोन्ही जिल्हे एकदमच दिसायचे. कचेऱ्या निघाल्या, पण इमारती कुठायत? आमची कचेरी एका भाड्याच्या घरात भरली. साहेब दिवाणखान्यात, हिशेबवाले माजघरात, आणि आम्ही दोघी बायका म्हणून आम्हाला स्वयंपाकघर. खरोखरच स्वयंपाकघर. ओट्यावर फायली, मोरीत जुनी रजिस्टरं. मी मूळची उदगीरची, लातुरात सून म्हणून आलेली. सुशीला नांदेडहून बदलून आलेली, एकटी, लग्न न केलेली, एका मास्तरांच्या घरी खोली घेऊन राहिलेली. पहिल्या दिवशी तिनं त्या ओट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भाजी काय करायची?" तिथंच आमची मैत्री झाली.

कचेरीतले पुरुष दिवसातून दोनदा चहाला बाहेर जायचे. आमच्यासाठी शिपाई कपात आणायचा. तो येईस्तोवर चहावर साय धरलेली असायची. सुशीलानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू बाहेर कामून जात न्हाईस चहाला?" मी म्हटलं, बायका जात नाहीत. ती म्हणाली, बायकांना तहान लागत न्हाई का इकडं? तिचं सरळ होतं. तिचे वडील रेल्वेत, मुदखेड जंक्शनला. तिचं बालपण फलाटावर गेलेलं. फलाटावरच्या बाकावर कोण कुणाला विचारतं, तू बाई का बसलीस म्हणून? हैदराबादेकडं जाणारा बसतो, मनमाडकडं जाणारा बसतो, चहा पितो, गाडी आली की उठतो. तिला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं. लातुरात आली आणि तिच्या लक्षात आलं की इथं बाईनं फिरायला हरकत नाही, भाजी घ्यायला, देवाला जायला, बांगड्या भरायला हरकत नाही. फक्त बसायचं नाही. काम झालं की घरी. "ज्या गावात बसायला जागा न्हाई, ते गाव आपलं न्हाई," असं ती म्हणायची. मला तेव्हा ते नाटकी वाटायचं. मला घर होतं ना. तिला एक खोली होती, आणि त्या खोलीत मास्तरीणबाई दर तासाला डोकावून जायच्या.

मग ती जागा शोधायला लागली. कचेरी सुटली की ती मला ओढून गोलाईत, गावच्या गोल बाजारपेठेत, न्यायची. मी जन्म या भागात काढलेला, पण गोलाई मला तिनं दाखवली. बैलांच्या घुंगरमाळा आणि कासरे विकणारं एक दुकान होतं. तिथं जाऊन ती म्हणायची, घंटा वाजवून दाखवा. आमच्याकडं बैल सोडा, शेळीपण नव्हती. पण दुकानदार खुशीत यायचा, एकेक घंटा कानाशी नेऊन वाजवायचा, आणि आम्ही कासऱ्यांच्या ढिगावर बसून ऐकायचो. एक अत्तरवाले चाचा होते. सुशीला म्हणायची, चाचा, लेना नहीं है. ते म्हणायचे, "लेना नक्को बेटा, सूंगके तो देखो," आणि अत्तराचा बोळा हातावर टेकवायचे. मी मोगऱ्याचा वास घेऊन घरी जायचे आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवताना दोनदोनदा नाक वर करायच्या. एक स्टोव्ह दुरुस्तीवाला होता, त्याच्याकडं जुन्या मासिकांची चळत असायची. स्टोव्ह दुरुस्त होईस्तोवर वाचायला फुकट. सुशीलाचा स्टोव्ह त्या वर्षात जेवढ्या वेळा बिघडला तेवढा कुणाचाच बिघडला नसेल. पण ह्या सगळ्या उभ्याउभ्याच्या, नाहीतर ढिगावरच्या जागा. निवांत टेकून, समोर बशी घेऊन, आपल्या पैशाचं खात बसावं अशी जागा एकच होती, आणि तिथं पडदा होता.

मन्मथअप्पांचं हॉटेल. त्याला पाटी नव्हती, अजूनही नाही. लोक त्याला पडद्याचं हॉटेल म्हणायचे. पुढं मोठी जागा, बाकं, संगमरवरी फरशीची टेबलं, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो. आणि कोपऱ्यात एक खोली, दाराला कडी, दारात फुलाफुलांचा पडदा. ती फॅमिली रूम. म्हणजे बायकामुलं घेऊन कुणी आलं तर त्यांनी आत बसायचं. पण फॅमिली येतच नसल्यामुळं आत डाळव्याची, म्हणजे भाजक्या चणाडाळीची, पोती, तेलाचे डबे, मोडका पंखा, आणि त्यातच एक टेबल. आम्ही दोघी पहिल्यांदा गेलो तेव्हा अप्पा गल्ल्यावरून उठलेच. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, पांढरा सदरा, सज्जन माणूस. बाई, आत बसा, आत पंखा हाय, म्हणाले. पंखा होता, मोडका होता एवढंच. आम्ही पोत्यांत बसलो. अप्पांनी काय घेणार विचारलं आणि स्वयंपाक्याला हाळी दिली, "दोन सुशीला, आत!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सुशीला हा आमच्याकडचा पदार्थ. चुरमुरे भिजवून पिळायचे, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळदीची फोडणी, वरून डाळव्याचं पीठ आणि कोथिंबीर. घरोघरी होतो. त्याला बाईचं नाव कुणी दिलं, देव जाणे. नावावरून चिडवून घ्यायची तिला सवय होती. शाळेत पोरी तिला "तुला फोडणी देऊ का" म्हणायच्या. पण त्या दिवशी पोत्याला टेकून ती मला हळूच म्हणाली, "एक सुशीला मी. दुसरी कोण गं?" मी म्हटलं, दुसरी मीच असणार, मला पण आतच बसवलंय. दोघी इतक्या हसलो की पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं. तेव्हापासून त्या हॉटेलात आमचं नावच पडलं. आम्ही दारात दिसलो की अप्पा न विचारता ओरडायचे, दोन सुशीला, आत. आम्ही आत.

वर्ष-दोन वर्षं तसं चाललं. मला त्या खोलीचंही अप्रूप होतं. तिला मात्र ती खोली टोचायची. एकदा पडद्याच्या फटीतून बाहेर बघत म्हणाली, "पद्मे, फलाट बाहेर हाय अन् आपण गोदामात बसून राहिलो." त्याच सुमारास तिनं मनाशी ठरवलं की इथं जीव रमत नाही, पुढच्या बदल्यांच्या वेळी नांदेड मागायचं. मला तिनं सरळ सांगितलं, एक उन्हाळा बघते, नाहीतर निघते. मी वरवर म्हटलं, जा की, नांदेडला गोदावरी आहे, गुरुद्वारा आहे, तुझा लस्सीवाला आहे. घरी येऊन कांदा चिरताना रडले. त्या स्वयंपाकघरातल्या कचेरीत तिच्याशिवाय मी काय केलं असतं? मला लातुरात सासर होतं, नवरा होता, शेजारीण होती. मैत्रीण ती एकच होती.

आणि तो उन्हाळा आला तो दुष्काळ घेऊनच. आधीच्या वर्षी पाऊस नाही, त्याच्या आधी बेताचाच. नवा जिल्हा झाला खरा, पण मांजरा नदीला ते कुणी कळवलं नव्हतं. ती कोरडीच राहिली. गावात टँकर फिरायला लागले. घागरी, डबे, बादल्या रांगेत लावून बायका सावलीला बसायच्या. सुशीला मला म्हणाली, बघ, अखेर बसायला जागा दिली गावानं, पण कशासाठी! हॉटेलं पटापट बंद पडली. चहाला पाणी, भांड्याला पाणी, गिऱ्हाइकाला प्यायला पाणी, आणायचं कुठून? अप्पांनी मात्र बंद केलं नाही. जेवणाच्या थाळ्या बंद केल्या. भजी-पुरी बंद केली. चहा आणि सुशीला एवढंच ठेवलं. चुरमुरे पाण्यात बुडवायच्याऐवजी नुसता हात फिरवल्यासारखा शिंतोडा मारायचे आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचे. बश्यांच्या जागी रद्दीचा कागद आला. पण बसल्याबरोबर पाण्याचा ग्लास टेबलावर, हा त्यांचा नेम त्यांनी मोडला नाही. ग्लास अर्धा असायचा, पण असायचा. न मागता. अप्पांचं म्हणणं, आलेल्या माणसाला पाणी मागायला लावणं हे पाप.

एक दिवस आम्ही गेलो. दारात पाऊल टाकलं आणि अप्पा ओरडले नाहीत. ते गल्ल्यावरून खाली उतरून आमच्यासमोर येऊन उभे राहिले. कोपऱ्यातल्या खोलीचा पडदा नव्हता. दार बंद, दाराला मोठं कुलूप. आदल्या दिवशी पुढच्या जागेतलं पाणी कुणीतरी उपसून नेलं होतं, म्हणून अप्पांनी सगळे ड्रम आत हलवले होते. कडीकुलपाची जागा हॉटेलात ती एकच.

"बाई," अप्पा म्हणाले, "आज आत जागा न्हाई. आत पाणी बसलंय."

ते खरोखर ओशाळले होते. माझे पाय आपोआप मागं वळले. सुशीला तिथंच उभी. समोर बाकांवर माणसं बसलेली, अडतीवरचे हमाल, दोन-चार व्यापारी, एक पेपर वाचणारे गृहस्थ. सगळे आमच्याकडं बघत होते.

"मग आमी बाहेर बसतो," ती म्हणाली.

अप्पांनी एकदा बाकांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. खालच्या आवाजात म्हणाले, "लोक काय म्हणतील, बाई?"

"लोकांना सांगा, बायकांना पाण्यानं उठवलं."

मी तिची पर्स मागून ओढत होते. एवढा सज्जन माणूस, पण त्याचं दुकान त्या बाकांवरच्या माणसांवर चालत होतं, आमच्या दोन कागदांवर नव्हे. दुष्काळात तर एकेक गिऱ्हाईक मोलाचं. नाही म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, गल्ल्याजवळचं टेबल पुसलं, पुन्हा पुसलं, आणि आत तोंड करून हाळी दिली. "दोन सुशीला..." आणि सवयीनं पुढचा शब्द ओठावर आला असेल, तो त्यांनी गिळला. "...बाहेर!"

आम्ही बसलो. मी पदर डोक्यावरून घेतला, तिनं नाही घेतला. अर्धा अर्धा ग्लास पाणी आलं. ती सुशीला मी कशी खाल्ली ते मला ठाऊक. पेपर वाचणारे गृहस्थ उठले, अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेले. त्यांच्यामागं एक व्यापारी गेला. सुशीलाचा हात पहिल्यांदाच थांबलेला मी बघितला. ती अप्पांना म्हणाली, आमच्यामुळं तुमचं नुकसान होऊन राहिलं, आम्ही उद्यापासून येत नाही. अप्पा सदऱ्याच्या खिशातून हात काढून म्हणाले, "जाऊ द्या, अक्का. तेवढंच पाणी वाचलं."

अक्का म्हणाले. आतापर्यंत बाई म्हणत होते. सुशीलाच्या ते लगेच लक्षात आलं, माझ्या रस्त्यात आल्यावर आलं.

बातमी माझ्या घरी मी पोचायच्या आधी पोचली होती. लातूर जिल्हा झालं होतं, पण गल्ली तीच होती. आत्याबाई जात्यावर बसतात तशा पाय पसरून उंबऱ्यात बसलेल्या. घरची चूल विझली का, म्हणून बाहेर खायची पाळी आली, असं सुरू झालं. नोकरी करते म्हणून गप्प बसले, आता हॉटेलात बसायला लागली, उद्या पान खाशील. मी सगळं ऐकून घेतलं. हे आमचे नेहमीप्रमाणं पेपरात. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आत्याबाई भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कसली करतो तो? कोरडी का ओली?" मी म्हटलं, कोरडीच, पण मऊ असते. पाणी नसताना मऊ कशी होईल, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, खरं सांगते. त्यांचा विश्वास बसेना. चुरमुऱ्याच्या बाबतीत आत्याबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. अखेर एका दुपारी आम्ही त्यांना घेऊनच गेलो. नऊवारी, हातात पिशवी, तोंडावर संशय. त्यांनी अप्पांना गल्ल्यावरून उठवून भटारखान्यात नेलं, फडकं उलगडायला लावलं, बोटानं दाबून बघितलं, आणि मग बाहेर येऊन बाकावर मांडी घालून बसल्या. मांडी घालून! त्या हॉटेलात इतक्या ऐसपैस आजवर कुणी पुरुषही बसला नसेल. त्यानंतर गल्लीतली एकही बाई मला काही बोलली नाही. आत्याबाईंशी कोण भांडणार?

पुढच्या मृगात पाऊस आला. फार नाही, पण पोटापुरता. ड्रम रिकामे झाले, बाहेर आले. एक दिवस बघतो तर अप्पांनी खोली झाडून काढलेली. पोती हलवलेली, पंखा दुरुस्त, भिंतीला चुना, आणि दारात नवा कोरा निळा पडदा. त्यांनी मोठ्या हौसेनं आम्हाला बोलावलं, "अक्का, तुमची खोली तयार हाय बगा." त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. चार महिने आम्हाला उघड्यावर बसवलं याची त्या माणसाला रुखरुख होती. त्यानं ते आमच्यावरच्या मायेनं केलं होतं. आता नाही म्हणायचं कसं? सुशीला आत गेली. पंखा लावून बघितला. भिंतीवर हात फिरवला. मग बाहेर आली आणि म्हणाली, "अप्पा, खोली अशी झालीय की दुपारची झोपच येईल. तुमी पहाटेपासून उभे असता. जरा पडत जा आत." अप्पा हसायला लागले, पोट धरून. त्यांना कळलं होतं.

आणि खरंच पडायला लागले. दुपारी पडद्याआड अप्पांचं घोरणं. मग गल्ल्यावर कोण? तर त्यांची बायको. सगळे तिला अव्वा म्हणायचे. घर हॉटेलच्या मागंच, पण इतक्या वर्षांत ती पुढं कधी आली नव्हती. अव्वा गल्ल्यावर बसली आणि आजूबाजूच्या बायका नुसत्या तिला बघायला म्हणून येऊ लागल्या. आलेल्यांना पाणी दिल्याशिवाय अव्वा सोडायची नाही, पाणी प्यायल्यावर चहा सांगितल्याशिवाय उठणं बरं दिसायचं नाही. असं करत करत... नर्स यायला लागल्या, मास्तरणी यायला लागल्या, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या खेड्यातल्या बाया यायला लागल्या. चहा ठेवून गेलेले ते पेपरवाले गृहस्थही एक दिवस परत आले. चहा दुसरीकडं चांगला मिळेना म्हणून आले, सुशीला सांगायची.

बदल्यांचा मोसम आला. साहेबांनी विचारलं, नांदेडला कुणाला जायचंय? मी फायलीत डोकं घालून बसले होते. सुशीला म्हणाली, "मला न्हाई जायचं, साहेब. मला इथं बरंय." मी तिच्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर साहेबांसमोर रडले असते.

नोकरी संपेपर्यंत ती लातुरातच राहिली. निवृत्तीनंतर भावाच्या आग्रहानं नांदेडला गेली, पण वर्षातून चार-सहादा यायची, आणि आली की आधी हॉटेल, मग माझं घर. गेल्या हिवाळ्यात मीच तिच्याकडं गेले. तिला हृदयाचं दुखणं, जिने चढायचे नाहीत, तेलकट खायचं नाही. तरी तिनं मला वजिराबादेत नेलंच. दोन पायऱ्या चढली, थांबली, श्वास घेतला, हसली. लस्सीवाल्याच्या बाकावर बसल्यावर विचारलं, "अप्पाच्या हॉटेलात जातेस ना गं?" मी म्हटलं, तू आल्यावर जाते. "अन् मी नसल्यावर?" मी विषय बदलला. तिनं बदलू दिला. पण जरा वेळानं माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, एकटीनं बसून बघ एकदा, लई निवांत वाटतं. तेच आमचं शेवटचं बसणं.

खरं म्हणजे मी कधीच एकटी बसले नव्हते. एवढ्या वर्षांत, एवढं सगळं होऊन, मी त्या हॉटेलात नेहमी तिच्या जोडीनं. ती ओरडून मागवणार, मी खाणार. तिच्या जाण्यानंतर एकदा दारापर्यंत गेले. बाकं दिसली आणि पाय मागं फिरले, अगदी त्या दिवशीसारखे. घरी आल्यावर हे म्हणाले, मी येऊ का सोबत? मी म्हटलं, नको, तुम्ही आलात तर फॅमिली होते. दोघंही हसलो, पण प्रश्न तिथंच राहिला. तिनं जन्मभर मला बाहेर बसवलं, आणि ती गेल्यावर मी पुन्हा घरात बसणार असेन तर तिचं काय राहिलं?

गेल्या आठवड्यात गेले. एकटी. अप्पा आणि अव्वा दोघंही आता नाहीत. गल्ल्यावर त्यांची सून बसते. तिनं न मागता पाण्याचा ग्लास ठेवला, भरलेला. मी दाराजवळच्या बाकावर बसले आणि सुशीला सांगितली. पहिला घास घेतला आणि डोळ्यांना धार लागली. ती मिरचीच्या नावावर खपवली. समोर क्लासची पोरं मोबाइल बघत बसलेली, त्यांना माझं काय?

तेवढ्यात पायरीवर एक बाई येऊन थांबली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. मागं तिची मुलगी. जळकोटकडची, मुलीला अकरावीला घालायला आलेली. तिनं त्या पोरांकडं बघितलं, पदर सारखा केला आणि सुनेला हळूच विचारलं, "बायकायला बसायला हाय का आत कुठं?"

सून पैसे मोजत होती. मी म्हटलं, "आत कशाला, माय? हितं बसा." आणि बाकावर सरकले.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी एकल्याच?"

"हाव. एकलीच."

मुलगी आईच्या आधी बसली. तिला सुशीला नको होती. घरी रोज तेच असतं, म्हणाली. तिनं भजी मागवली, आईनं चहा. बाई बोलायला लागली. मुलीला वसतिगृहात सोडून ती संध्याकाळच्या एसटीनं परत जाणार होती. पोर कधी घराबाहेर राहिलेली नाही, इथं ओळखीचं कुणी नाही, कुठं जाईल, कुठं बसेल, याच काळजीनं तिला चहा गोड लागत नव्हता. मुलगी खाली मान घालून भजी खात होती, पण कान इकडंच. निघताना बाई पायरी उतरली, पुन्हा वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमी उद्या बी असताव का हितं?"

तिनं ते अशा काही आवाजात विचारलं की मला विचार करायला वेळच मिळाला नाही.

"असते की," मी म्हणाले. "रोज असते मी. या वेळेला, ह्याच बाकावर."

बाईनं मुलीकडं बघितलं, मुलीनं माझ्याकडं. दोघी गेल्या. सून गल्ल्यावरून माझ्याकडं बघत होती. मी रोज येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. आता मला रोज जावं लागतंय.